घंटेच्या पिक्चरचा राहिलेला अर्धा भाग

मी मुळात भित्रा माणूस. लहानपणी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीतून गुळाची ढेप आणायला सांगितली, तर आईला दाराशी उभं करून आत जायचो. आमचं शिरूर कासारला किराणा दुकान होतं आणि वडिलांची इच्छा होती की मी गादीवर बसावं, सोमवारी महादेवाला जावं आणि गप्प संसार करावा. त्याऐवजी मी तंबूतल्या टॉकीजमध्ये मशीनवर गेलो आणि उभा जन्म लोकांना अंधारात बसवून घाबरवण्यात घालवला. त्यातही सगळ्यात जास्त घाबरवलं ते एका पिक्चरनं. त्याचं खरं नाव पडद्यावर यायचं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आष्टीपासून गेवराईपर्यंत सगळे त्याला घंटेचा पिक्चर म्हणायचे.

तंबू टॉकीज आता कुणी पाहिलेली नसते, म्हणून थोडं सांगतो. ट्रकमधून तंबू, पडदा, जनरेटर आणि मशीन घेऊन आम्ही गावोगाव फिरायचो. जत्रा असेल तिथे जत्रेत, नाहीतर ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याच्या तळावर. पिक्चर म्हणजे पत्र्याच्या डब्यांतली रिळं. एक रीळ संपत आलं की कोपऱ्यात काळा ठिपका दिसतो, तेव्हा दुसरं मशीन चालू करायचं. आमच्याकडे मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत लोक शिट्ट्या मारायचे. उजेडासाठी दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींजवळ धरून विजेची ठिणगी पेटती ठेवायची. त्या कांड्या जळून आखूड होतात, म्हणून ऑपरेटरनं सतत चाक फिरवून त्या जवळ आणायच्या. विजेशी असा रोजचा संबंध असल्यामुळे पायात रबरी चप्पल आणि खिशात टेस्टर ही सवय मला लागली ती कायमची. मालक चेष्टा करायचे, अप्पा लग्नातही टेस्टर घेऊन जाईल म्हणायचे. खरं सांगतो, नेला होता.

घंटेचा पिक्चर जुना, काळा-पांढरा. एका इनामदार घराण्यानं देवीसाठी घंटा ओतून घेतली आणि ओतणाऱ्या कासाराला फसवून देशोधडीला लावलं. त्याच्या म्हाताऱ्या आईनं देवळाच्या पायरीवर शाप दिला, की या घरातला जो थोरला ही घंटा वाजवील, त्याला दुसरा ठोका ऐकू येणार नाही. मग वर्षातून एकदा नवरात्रात घराण्यातला थोरला घंटा वाजवायला येणार, एक ठोका पडणार, आणि माणूस खाली. आजा गेला, बाप गेला, आता थोरल्या नातवाची पाळी. घरात एक धाकटा चुलता, पांढऱ्या केसांचा, गरीब गाईसारखा. तो पोराला म्हणतो, नको जाऊस रे. पोरगा जातो. त्याचा हात दोरावर येतो आणि पडद्यावर अक्षरं येतात, मध्यंतर.

त्या पहिल्या भागात काय माणसं घाबरायची! ठोका पडला की तंबूतली सगळी पोरं आयांच्या पदरात. कडा गावाकडचा एक पैलवान गडी दर वेळी तिकीट काढायचा आणि पडद्याकडे पाठ करून माझ्या मशीनकडे तोंड करून बसायचा. असं का बसता, म्हणून विचारलं तर म्हणाला, "ऐकायला लई आवडतंय, बघायला होत न्हाई." एकदा तर बापाच्या मेलेल्या तोंडावरच रीळ अडकलं. फिल्म एका जागी थांबली की दिव्याच्या धगीनं जळते. पडद्यावर त्या तोंडाला कपाळापासून फोड आले, ते तपकिरी झालं आणि भसकन् पांढरं झालं. लोक तंबूची कनात वर करून पळाले. मीही मशीन बंद केलं आणि मालकाच्या शेजारी जाऊन बसलो. पुन्हा एकट्यानं मशीनपाशी जायला मला बराच वेळ लागला.

आता खरी गोष्ट ही, की तळावरच्या ऊसतोड्यांना पूर्ण पिक्चर कधी बघताच आला नाही. त्यांना भल्या पहाटे फडात कोयता घेऊन उभं राहायचं असतं. मुकादम मध्यंतराला तंबूच्या दारात येऊन हाका मारायचा आणि अर्धा तंबू रिकामा व्हायचा. मग आमच्या मालकांनी सोय काढली, तोडणीवाल्यांना अर्धं तिकीट. बैल दावणीला बांधून यायचं, मध्यंतरापर्यंत बघायचं, निघून जायचं. सगळ्यांना ते परवडलं. त्यामुळे आमच्या भागातल्या कितीतरी वस्त्यांवर शाप सगळ्यांना पाठ होता आणि पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्याची गंमत वाटायची. गावी कुणी भेटून विचारलं तर मी मुद्दाम सांगायचो नाही, म्हणायचो, या की तिकीट काढून.

पुढे टीव्ही आले, मोबाइल आले, तंबू गुंडाळला. पिक्चर भाड्यानं देणाऱ्या डेपोतल्या त्या प्रतीचा आंबट वास यायला लागला होता. जुनी फिल्म कुजली की तसा वास येतो. ती कुठे गेली कोण जाणे. मी दुकानाच्या गादीवर येऊन बसलो. वडील तोवर गेले होते, नाहीतर त्यांना समाधान वाटलं असतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीची असेल, कपाळ मोकळं, पायाला शेताची माती. मागे तिचा दीर होता, टोपी हातात घेतलेला, पन्नाशी उलटलेला शांत माणूस. बाई म्हणाली ती चकलांब्याकडच्या एका वस्तीवरची, नाव कौसाबाई. मला वाटलं काही माल हवा असेल. ती म्हणाली, "मशीनवाले अप्पा तुमीच ना? आमाला घंटेच्या पिक्चरचं पुढचं सांगा."

मी हसलो. ती हसली नाही. दोघांना आत बसवलं, चहा सांगितला आणि तिनं जे सांगितलं ते ऐकता ऐकता माझं हसू गेलं.

त्यांच्या घरात एक चाल होती. तोडीला निघायच्या आधी रब्बीच्या पिकाला विहिरीचं पहिलं पाणी द्यायचं. त्या दिवशी मोटरची पूजा करायची आणि मोटर चालू करायचा मान घरातल्या थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या मुलाचा आणि त्याच्यामागे त्याच्या थोरल्या मुलाचा. ती लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिचे सासरे असेच पहिल्या पाण्याला मोटर चालू करायला गेले आणि लोकांच्या डोळ्यांदेखत विहिरीत पडले. बाहेर काढेपर्यंत संपलेले. घेरी आली असेल, म्हणाले लोक. त्याच हंगामात कारखान्याच्या तळावर सगळ्या वस्तीनं माझ्या तंबूत अर्ध्या तिकिटावर घंटेचा पिक्चर बघितला. बघून परत जाताना बैलगाडीत कुणीतरी म्हणालं, हे तर आपल्याच घरचं झालं. तेवढं पुरलं. मग भावकीनं आठवून आठवून एक पणजोबा शोधून काढला, तोही थोरला होता आणि तोही अचानक गेला होता. साप चावून गेला होता, पण ते कुणी मोजलं नाही.

तिचा नवरा महादू त्यानंतर दर वर्षी पहिल्या पाण्याला जायचा. आदल्या दिवसापासून जेवायचा नाही. ती म्हणाली, "त्यो परत आला की मी त्येच्या पायाला हात लावून बघायची, ऊन हाय का म्हून." बरीच वर्षं तो परत आला. एका वर्षी नाही आला. बापासारखाच विहिरीत पडला. दवाखान्याच्या कागदावर पाण्यात बुडून असं आलं.

तेव्हा त्यांचा मुलगा दत्ता लहान होता. पूजा बंद ठेवली. दीर बापूराव रोज मोटर चालवायचे, त्यांना काही झालं नाही. आता दत्ताला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. भावकी म्हणत होती, मान किती दिवस बंद ठेवायचा, देव कोपेल. दत्ता म्हणत होता, मी शाप-बिप मानत नाही, मी लावणार. दोन दिवसांवर पहिलं पाणी आलं होतं. पोरानं मोबाइलवर पिक्चर शोधला, सापडला नाही. म्हणून आई माझ्याकडे आली होती. पिक्चरमधला शाप कशानं उतरतो, एवढंच तिला हवं होतं. ते कळलं तर ती ते करणार होती, मग काही का असेना.

 पण राहिलेल्या अर्ध्या भागात शाप नव्हताच. खून होते. आणि ते करणारा तो गरीब गाईसारखा धाकटा चुलता होता. इथे माझ्यासमोर एक विधवा बसली होती आणि तिच्या शेजारी, टोपीची कड बोटांनी चुरत, तिच्या मुलाचा धाकटा चुलता बसला होता. सांगावं तर एका घरात आग लागणार. न सांगावं तर दोन दिवसांनी ते पोरगं विहिरीवर जाणार. मी म्हणालो, आता नीट आठवत नाही. इतकं खोटं मी गिऱ्हाइकाला वजनातसुद्धा बोललो नव्हतो.

बापूरावांनीच मान वर केली.

"धाकट्यानं मारलं असंल न्हवं, अप्पा?" ते म्हणाले. "सांगा. गाव मला तोंडावर बोलत न्हाई, पर समद्यांच्या डोळ्यांत त्येच हाय. थोरले दोगं गेले, मला कायच झालं न्हाई. वैनीच्याबी मनात येतच असंल."

कौसाबाई त्यांच्याकडे बघेना. नाही असंही म्हणेना. चहा कुणी घेतला नव्हता. मी हो म्हणालो. पिक्चरमध्ये धाकट्यानं मारलं म्हणालो, पण पिक्चर तो पिक्चर. मला वाटलं, ही बाई आता उठेल आणि एकटीच बाहेर पडेल.

ती उठली नाही. तिनं विचारलं, "मारलं कसं?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. जो तो कुणी मारलं ते विचारायचा. मी सांगितलं. घंटेचा दोर वर्षातून एकदाच धरायचा आणि तो थोरल्यानंच धरायचा, असा मान होता. चुलत्यानं दोराच्या मुठीत विषात बुडवलेला काटा लपवला होता. दुसरं कुणी त्या दोराला हात लावतच नव्हतं, त्यामुळे काटा थोरल्याशिवाय कुणाला लागणार नव्हता. शापाला थोरला कोण ते कळत नव्हतं. मानाला कळत होतं.

कौसाबाईनं हळूहळू दिराकडे मान वळवली. आवाजात राग नव्हता, भीती होती. "भावजी," ती म्हणाली, "पयल्या पान्याला थोरला काय करतो? तुमी रोज करीत न्हाई असं काय करतो?"

बापूराव गोंधळले. मग आठवून सांगायला लागले. त्या दिवशी थोरला विहिरीवरच आंघोळ करतो. ओल्या धोतरानं, अनवाणी. स्टार्टरच्या लोखंडी खोक्याला पाणी लावून पुसतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडून त्याचं पाणी वर शिंपडतो. मग उजव्या हातानं बटण दाबतो. आणि तुम्ही रोज? मी विचारलं. रोज पायात चप्पल असते, ते म्हणाले. बटण काठीनं दाबतो, खोक्यात गांधीलमाश्या असतात म्हणून. सगळं गाव काठीनंच दाबतं.

 खोक्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार आहे का, विचारलं. त्यांना ते माहीत नव्हतं. दत्ता कुठे आहे, विचारलं. आई म्हणाली, विहिरीवर, पूजेसाठी खोकं धुऊन ठेवतो म्हणाला.

तिनं ते वाक्य पूर्ण केलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. दत्ताचा मोबाइल घरी चार्जिंगला होता. शेजाऱ्याची जीप काढली. चकलांब्याचा रस्ता मी शेकडो वेळा केलाय, तंबूच्या ट्रकमधून झोपा काढत केलाय. त्या दिवशी तो संपेना. बापूराव मागे बसून सारखं पुटपुटत होते, लाइट नसू दे, देवा, लाइट नसू दे. इतक्या मनापासून लोडशेडिंगची प्रार्थना करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला आणि मीही त्याच्या बरोबरीनं तीच करत होतो.

लाइट नव्हती. दत्ता जिवंत होता. विहिरीच्या काठावर चिखलात अनवाणी उभा, अंगावर ओला पंचा, हातात फडकं. आम्हाला धावत येताना बघून तो हसायला लागला. मी लांबून ओरडलो, खोक्यापासून बाजूला हो. त्याला वाटलं आई पुन्हा तेच शापाचं घेऊन आली आणि सोबत कुणीतरी मांत्रिक आणला. तरणं पोर, आई रोज त्याच्यापायी मरत होती, त्याला त्याचा वीट आला होता. त्यानं तळहात सपाट करून त्या लोखंडी खोक्यावर ठेवला.

"घ्या," तो म्हणाला. "ठिवला हात. काय झालं? मेलो का मी?"

विहिरीवर प्रत्येक जण एक बल्ब लावून ठेवतो, लाइट आली की कळावं म्हणून. मी त्या बल्बकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षं लोकांना भीती दाखवली, पण भीती म्हणजे काय ते मला त्या विझलेल्या बल्बनं दाखवलं. बापूराव माझ्या पुढून गेले. त्या वयाच्या माणसाला तसं पळता येतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पोराच्या कमरेला मिठी घातली आणि दोघं चिखलात आडवे झाले. दत्ता शिव्या देत उठायला लागला. चुलता त्याला उठू देईना.

बल्ब लागला.

सगळे जिथल्या तिथे राहिले. खोकं तसंच दिसत होतं, धुतलेलं, स्वच्छ, कडेला पाण्याचे थेंब. मी पायातली रबरी चप्पल बघून घेतली, टेस्टर काढला, वरून हाताची सावली धरली आणि टोक खोक्याच्या पत्र्याला लावलं. टेस्टरमधला बारीक दिवा पेटला. तो दत्तानं बघितला, त्याच्या आईनं बघितला. तिनं एकदाच हुंदका दिला आणि मग खाली बसून दोन्ही हातांनी पोराचे चिखलानं भरलेले पाय धरून ठेवले, ऊन आहेत का बघितल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी वायरमननं खोकं उघडलं. आत एका वायरचं आवरण कडेला घासून गेलं होतं आणि तांबं पत्र्याला टेकलं होतं. पावसाळ्यात ते ओलं व्हायचं, एरवी टेकायचं किंवा न टेकायचं. अर्थिंगची तार जमिनीत कधीच कुजली होती. सासऱ्यांच्या वेळीही हेच झालं असेल का, ते आता कुणी सांगू शकत नाही. मला वाटतं, झालं असेल. कुणी काही केलं नव्हतं. पिक्चरला खुनी लागतो, तसा इथे कुणी नव्हता.

बापूराव त्या दिवशी दिवसभर बांधावर बसून होते. मी जवळ जाऊन बसलो. वाटलं, त्यांना सुटल्यासारखं वाटत असेल, गावाचा वहीम गेला. ते वेगळंच बोलले. "मान म्हून थोरल्याला पुढं केलं, अप्पा. दादालाबी, बापालाबी. मी मागं हात जोडून उभा ऱ्हायचो. दादा भ्यायचा. मला दिसायचं. एकदाबी म्हनलो न्हाई, की बाजूला सर, औंदा मी दाबतो."

पहिल्या पाण्याला मला बोलावणं आलं. स्टार्टर नवा, वायर नवी, जमिनीत अर्थिंगचा नवा खड्डा. पूजेच्या ताटात हळदकुंकू, नारळ आणि माझा टेस्टर. कौसाबाईनं तो मागून घेतला होता. तिनं त्याला कुंकू लावलं आणि मग दत्तानं तो खोक्याला लावून सगळ्या भावकीला दाखवला. दिवा पेटला नाही. भावकी म्हणाली, आता थोरल्यानं बटण दाबावं. दत्ता पुढे झाला.

बापूरावांनी त्याला हातानं मागे सारलं. एवढंच म्हणाले, "औंदा मी." भावकीत कुजबुज झाली, धाकट्या पातीला मान नाही, आजवर कधी झालं नाही. त्यांनी लक्ष दिलं नाही. काठावर आंघोळ केली, ओल्या धोतरानं अनवाणी चिखलात उभे राहिले, नारळाचं पाणी खोक्यावर शिंपडलं. मला माहीत होतं की खोक्यात आता काही नाही. माझ्या डोळ्यांसमोर वायरमननं काम केलं होतं. तरी त्यांचा हात पुढे गेला तेव्हा मला तंबू आठवला, पडद्यावरचा दोर आठवला आणि मी डोळे मिटून घेतले.

मोटरचा आवाज आला. पाठोपाठ पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर बापूराव तिथेच उभे होते. बटण दाबून झालं होतं, पण हात अजून खोक्यावरच होता, सपाट. ते तो काढतच नव्हते. पोरं पाटाच्या पाण्याकडे पळाली, भावकी नारळाच्या खोबऱ्याकडे वळली, ते मात्र त्या ओल्या पत्र्यावर हात ठेवून थोरल्या भावाच्या जागी उभे राहिले.

शेवटी कौसाबाई काठापर्यंत गेली. नवरा गेल्यापासून ती विहिरीच्या इतक्या जवळ आली नव्हती. "भावजी," ती म्हणाली, "काढा आता हात."